दुर्दम्य अपस्मार : वर्तनोपचार आणि रुग्णाची भाषा

अपस्मार या विकाराला भारतीय वैद्यकाने दिलेले नाव 'स्मृ' या धातूवरून आले आहे. स्मृती दूर सरणे, हा त्याचा अर्थ. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात या विकारावर स्वतंत्र अध्याय असून त्याचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार मानलेले आहेत. युरोपीय भाषांत रूढ असलेले ग्रीक नाव याहून निराळ्या दृष्टीचे आहे. त्याच्या मुळाशी झडप घालून पकडण्याची कल्पना आहे. एका नावात माणसाचे काय हरपले हे पाहिले आहे, दुसऱ्यात त्याला कोणी धरले हे. मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाने मात्र यांपैकी काहीच न निवडता फेफरे, मिरगी, आकडी, झटका आणि आता सर्वांत अधिक 'फिट' हे शब्द जवळ केले. या शब्दांचा रोगाच्या उपचाराशी काही संबंध असेल, अशी शंका साधारणतः कोणास येत नाही. तथापि ज्या अपस्माराला औषधे पुरी पडत नाहीत, त्याच्या उपचाराचा विचार करू लागले की हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम 'दुर्दम्य' या विशेषणाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० साली केलेल्या व्याख्येनुसार, योग्य निवडलेली, सोसवणारी व योग्य रीतीने घेतलेली दोन औषधे (एकेकटी वा एकत्र) देऊनही झटक्यांपासून टिकाऊ मुक्ती मिळाली नाही, तर तो अपस्मार औषधांना न जुमानणारा समजावा. टिकाऊ मुक्ती म्हणजे किमान बारा महिने, अथवा पूर्वीच्या दोन झटक्यांमधील सर्वांत मोठ्या अंतराच्या तिप्पट काळ, यांपैकी जो अधिक असेल तो. दोनच औषधांवर ही रेषा का आखली, याचे उत्तर ग्लासगो येथील क्वान व ब्रोडी यांच्या २००० सालच्या अभ्यासात सापडते. पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने झटक्यांतून मुक्त झाले. दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने मुक्त झालेले जेमतेम १४ टक्के होते. त्यानंतर नवी औषधे पुष्कळ आली. पण याच परंपरेतील २०१८ सालच्या मोठ्या पाहणीत एकूण चित्र फारसे बदललेले दिसले नाही. सुमारे तिसरा हिस्सा रुग्ण झटक्यांसह जगतातच.

हा तिसरा हिस्सा लहान नाही. मुंबईच्या पारशी समाजात घरोघर जाऊन केलेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अपस्माराचे प्रमाण हजारी ४.७ आढळले होते. ते प्रमाण स्थूलमानाने धरले, तरी लाखभर वस्तीच्या कोणत्याही नगरात चारएकशे रुग्ण निघतील व त्यांतील शंभराहून अधिक या दुर्दम्य वर्गात पडतील.

नवी मुंबईत, दिवा–पनवेल लोहमार्गावर असलेले नावडे हे असे एक ठिकाण डोळ्यांपुढे आणावे. एकीकडे मूळचे आगरी गाव, दुसरीकडे सिडकोने वसविलेली वसाहत, आणि शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत. तेथील एखाद्या कारखान्यात पाळीने काम करणारा तिशीचा माणूस समजा दोन औषधे नियमाने घेत आहे आणि तरीही महिन्यातून तीनचार झटके भोगत आहे. रात्रपाळीमुळे झोप मोडते, आणि झोपमोड हे झटका ओढवणाऱ्या सर्वांत परिचित कारणांपैकी एक आहे. यंत्रापाशी काम करणे धोक्याचे. वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी स्पष्ट प्रश्न असल्यामुळे चालकाची नोकरीही बंद. कामावर पुन्हा रुजू होण्यासाठी त्याला 'फिट' असल्याचा दाखला हवा, आणि तो मिळत नाही तो 'फिट' येते म्हणूनच. इंग्रजीतून आलेले दोन भिन्न शब्द मराठीत एकाच उच्चारात येऊन बसल्याने झालेला हा श्लेष भाषाभ्यासकाला गमतीचा वाटेल. त्या माणसाला वाटणार नाही.

अशा रुग्णापुढे वैद्यकाने मांडलेले मार्ग मोजके आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. मेंदूच्या कानशिलाकडील खंडातून उगम पावणाऱ्या अपस्मारात तिची उपयुक्तता २००१ साली यादृच्छिक चाचणीने सिद्ध झाली. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातील ८ टक्के. शस्त्रक्रियेस पात्र असलेल्या रुग्णाला तिच्याविषयी न सांगता इतर उपायांत गुंतवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होय. दुसरा मार्ग पिष्टमय पदार्थ अत्यंत कमी व स्निग्ध पदार्थ अधिक अशा आहाराचा. तिसरा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित, मार्ग वर्तनोपचारांचा.

वर्तनोपचार म्हणजे रुग्णाचे मन रमविणे, असा एक समज आहे. त्यामागील तर्क याहून नेमका आहे. झटका म्हणजे मेंदूतील असंख्य पेशींचे एकाच वेळी बेताल विद्युत्-उत्सर्जन. हे उत्सर्जन मर्यादित ठिकाणी सुरू होऊन पसरत असेल, तर ज्या पेशी अद्याप त्यात ओढल्या गेल्या नाहीत त्यांना दुसऱ्या कामात गुंतवून प्रसार रोखता येणे तत्त्वतः शक्य आहे. याचे अभिजात उदाहरण रॉबर्ट एफ्रन यांनी १९५६ व १९५७ साली नोंदविले. त्यांची रुग्ण मैफलीत गाणारी गायिका होती. झटक्याची पूर्वसूचना मिळताच जाईसारख्या फुलाच्या अर्काचा तीव्र वास दिला की तिचा झटका खुंटत असे. पुढे एफ्रन यांनी तो वास एका चांदीच्या कंकणाशी जोडला. कंकणाकडे पाहत वास घ्यायचा, असा सराव झाल्यावर नुसते कंकण पाहून झटका थांबू लागला, आणि शेवटी कंकणाच्या केवळ स्मरणाने. 'अप-स्मार' या नावाच्या विकाराला स्मरणानेच अडवावे, हा योग विलक्षण खरा. पण ही एकाच रुग्णाची, विशिष्ट प्रकारच्या झटक्यांची हकीकत आहे, हे विसरता कामा नये.

येथे कांदा व चप्पल हुंगविण्याच्या आपल्याकडील रूढीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि तिला शास्त्राधार मिळाल्याचे दावेही केले गेले आहेत. ते स्वीकारण्याजोगे नाहीत. एफ्रन यांच्या रुग्णास वास दिला जात असे तो झटक्याच्या अगदी आरंभी, ती शुद्धीवर असताना. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल धरली जाते ती त्याचे सर्वांग आचके देत असताना. असा झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपोआप ओसरतो आणि श्रेय चपलेला मिळते. त्या वेळी त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालयात न्यावे, एवढेच करण्यासारखे असते.

एफ्रन यांच्या निरीक्षणाला पद्धतशीर रूप देण्याचे बरेचसे श्रेय स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ जोअॅन डाल यांना जाते. त्यांची रीत थोडक्यात अशी : प्रत्येक झटक्यापूर्वी काय घडले, रुग्ण कोठे होता, काय करीत होता, शरीरात पहिली खूण कोणती उमटली, आणि झटक्यानंतर भोवतालच्या माणसांनी काय केले, याची नोंद ठेवायची. या नोंदीतून झटक्याची साखळी दिसू लागते. पेंग आल्यावर झटका येत असेल तर खूण जाणवताच उठावे, चालावे, मोठ्याने बोलावे. उद्वेगाने येत असेल तर उलट अंग सैल सोडावे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या डाल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दुर्दम्य अपस्माराच्या प्रौढ रुग्णांना याच धर्तीवर, खूण मिळताच स्नायू शिथिल करण्याचे शिक्षण दिलेले होते. आपल्याकडील वाचकांस परिचित ठरावे असे याच जातीचे दुसरे उदाहरण दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, आढळणाऱ्या 'उष्णजल-अपस्मारा'चे. डोक्यावरून कढत पाणी ओतून घेताना झटका येतो. तेव्हा पाण्याची उष्णता कमी करणे हाच उपचाराचा पहिला भाग.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास २००८ सालचा आहे. टोबियास लुंडग्रेन, जोअॅन डाल व लेनार्ट मेलिन हे स्वीडिश संशोधक आणि पुण्याचे अपस्मारतज्ज्ञ डॉ. नंदन यार्दी यांनी मिळून भारतात ही यादृच्छिक चाचणी केली. डॉ. यार्दी यांनी योग व अपस्मार या विषयावर २००१ सालीच लेखन केलेले होते. चाचणीत १८ रुग्ण होते. सर्वांचे निदान मेंदूच्या विद्युत्-आलेखाने निश्चित झालेले, सर्वांचे झटके औषधांना न जुमानणारे. दहांना 'स्वीकार व बांधिलकी' ही उपचारपद्धती, आठांना योग. उपचार बारा तासांचा : पाच आठवड्यांत दोन वैयक्तिक व दोन सामूहिक बैठका, आणि सहा व बारा महिन्यांनी उजळणी. झटक्यांची संख्या गुणिले त्यांचा कालावधी असा निर्देशांक उपचारापूर्वी तीन महिने व नंतर वर्षभर मोजत राहिले. दोन्ही गटांत निर्देशांक लक्षणीय उतरला. स्वीकार-बांधिलकीच्या गटात अधिक उतरला. जीवनमानाच्या बाबतीत निकाल मोठा बोधक आहे. एका प्रश्नावलीवर पहिला गट सरस ठरला, दुसरीवर योगाचा गट. एकच 'बरे वाटणे' दोन प्रकारे विचारले तर दोन उत्तरे येतात, ही गोष्ट अशा प्रश्नावल्यांच्या भाषांतरकारांनी जवळ बाळगावी.

हा 'स्वीकार व बांधिलकी' उपचार भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष विचारणीय वाटावा, कारण त्याचा पाया भाषेच्या एका उपपत्तीवर आहे. स्टीव्हन हेज व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. माणूस शब्दांच्या द्वारे वस्तूंचे परस्परसंबंध जोडतो आणि मग वस्तू समोर नसतानाही शब्दालाच घाबरतो, हे तिचे सार. ज्याने एकदा बाजारात झटका अनुभवला तो पुढे 'बाजार' या शब्दानेच अस्वस्थ होतो. मग लग्नकार्य, लोकल, नातेवाइकांचे घर, सारे टाळू लागतो, आणि झटके महिन्यातून तीन असले तरी आयुष्य मात्र तीसही दिवस आखडलेले राहते. या शब्दबंधाची पकड सैल करण्यासाठी एक जुना प्रयोग वापरतात. एडवर्ड टिचनर यांनी १९१६ मध्ये दाखविले होते की 'दूध' यासारखा शब्द भराभर म्हणत राहिले तर थोड्याच वेळात त्याचा अर्थ गळून नुसता ध्वनी उरतो. 'फेफरे' हा शब्द असाच मिनिटभर घोकून पाहण्यासारखा आहे.

मराठीत या उपचाराची बैठक घ्यावयाची झाल्यास व्याकरणच तिच्यात भाग घेऊ लागते. मराठी माणूस 'मला फिट आली' असे म्हणतो. पनवेलकडील आगरी बोलीत 'मला'च्या ठिकाणी 'मना' येईल. विभक्ती चतुर्थीच राहील. झटका हा कर्ता आणि माणूस हा केवळ पोहोचण्याचे ठिकाण. ताप, झोप, राग, रडू, चक्कर यांचीही रचना हीच. यावरून मराठी भाषकाची वृत्तीच शरणागताची असते, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. कारण ज्या भाषेत राग 'येतो' त्याच भाषेत तो 'आवरता' येतो. रडू आवरते घेता येते, हसू दाबता येते, झोप उडवून लावता येते. लक्षणीय गोष्ट अशी की 'फिट आवरली' असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. येणे आहे, पण त्याला उत्तर देणारे क्रियापद रूढ नाही. डाल यांची नोंदवही भरणारा रुग्ण नेमके हेच क्रियापद शोधीत असतो : 'हाताला मुंग्या आल्या, मी बसलो, मूठ घट्ट आवळली, बायकोला हाक मारली.' चतुर्थीत सुरू झालेली हकीकत दुसऱ्याच वाक्यात प्रथमेत येते.

उलट, दुसऱ्या एका बाबतीत हीच रचना उपकारक ठरते. 'मी निकामी आहे' या वाक्याऐवजी 'मी निकामी आहे असा विचार मला येत आहे' असे म्हणायला शिकविणे, हा या उपचारातील नेहमीचा पाठ. इंग्रजीत तो काहीसा कृत्रिम वाटतो. मराठीत विचार पूर्वापार 'येतात'च. आले तसे जातातही.

खरी अडचण 'स्वीकार' या शब्दाशी आहे. प्रारब्ध, भोग, नशिबी आलेले सोसणे या परंपरेत वाढलेल्या रुग्णास 'स्वीकारा' असे सांगितले की तो हात जोडून बसतो. उपचारकाला अभिप्रेत असते नेमके याच्या विरुद्ध : झटका येण्याची शक्यता मान्य करूनही मुलीच्या शाळेतील समारंभास जाणे. 'बांधिलकी' हा शब्दही मराठीत साहित्यिक-सामाजिक वादांतून आलेला असल्यामुळे सामान्य रुग्णास परका वाटतो. 'झटका येवो न येवो, जे करायचे ते करायचे' हे साधे वाक्य दोन्ही पारिभाषिक शब्दांहून अधिक कामाचे होईल.

आता पुराव्याच्या वजनाविषयी. अठरा रुग्णांच्या चाचणीवर मोठी इमारत उभारता येत नाही. १९९६ साली भारतात प्रसिद्ध झालेल्या सहजयोगाच्या चाचणीत ३२ रुग्ण होते. या दोन्ही चाचण्या मिळून योग केलेले अवघे १८ जण भरतात, आणि वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने त्यांवरून योगाच्या परिणामाविषयी खात्रीशीर निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले, ते रास्तच आहे. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १६० प्रौढांवर मोठी चाचणी झाली व ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरा योग, निम्म्यांना दिसायला तसाच पण श्वासावर व शरीराच्या जाणिवेवर लक्ष देण्याची सूचना वगळलेला आभासी योग. तीन महिन्यांत सात सामूहिक बैठका व घरचा सराव. खऱ्या योगाच्या गटात रुग्णांना वाटणारी कलंकाची भावना कमी झाली, आणि सहा महिन्यांनी झटके निम्म्याहून अधिक घटण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या चौपटीहून अधिक आढळली. हाँगकाँगमधील ६० रुग्णांच्या २०१५ सालच्या चाचणीत सजगतेच्या शिक्षणानेही जीवनमान सुधारल्याचे दिसले.

तथापि याच्या जोडीला अमेरिकेतील २०१८ सालची एक चाचणी वाचली पाहिजे. ६६ रुग्णांपैकी काहींना क्रमाक्रमाने स्नायू शिथिल करण्याचा सराव दिला आणि काहींना तितकाच वेळ घेणारा, पण शिथिलीकरण नसलेला अवधानाचा सराव. पहिल्या गटात झटके २९ टक्क्यांनी घटले, दुसऱ्यात २५ टक्क्यांनी. हा फरक नगण्य होय. मग गुण कशाचा? दिवसातून ठरल्या वेळी थांबण्याचा, नोंदवही लिहिण्याचा, की कोणीतरी नियमाने विचारपूस करीत आहे याचा? उत्तर काहीही असले, तरी रुग्णाचे झटके कमी झाले हे खरेच राहते. मात्र अमुक आसनाने वा तमुक प्राणायामाने अपस्मार बरा होतो अशी जाहिरात करणाऱ्यांचा आधार त्यामुळे निखळून पडतो. अशा जाहिरातींची किंमत कधी प्राणाने मोजावी लागते. औषध एकाएकी बंद केल्यास झटक्यामागून झटका, मध्ये शुद्ध न येता, अशी अवस्था ओढवू शकते. आणि सर्वांगाचे झटके आटोक्यात नसलेल्या रुग्णांत अकस्मात मृत्यूचा धोका मुळातच अधिक असतो. वरील अभ्यासांपैकी प्रत्येकात वर्तनोपचार औषधांच्या जोडीने दिलेले होते.

आणखी एक दक्षता निदानाची. दुर्दम्य ठरविलेल्या रुग्णांपैकी काहींना अपस्मार नसतोच. त्यांचे झटके मानसिक विघटनातून येतात आणि औषधे निष्फळ ठरतात ती म्हणूनच. अशांवर २०२० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६८ रुग्णांच्या चाचणीत बोधात्मक वर्तनोपचाराने झटक्यांची संख्या लक्षणीय घटली नाही, पण जगणे सुसह्य झाले. हा भेद ओळखण्याची निर्णायक रीत म्हणजे चित्रमुद्रणासह घेतलेला विद्युत्-आलेख. परंतु रुग्णाच्या बोलण्यातूनही तो बराच कळतो, हे बीलेफेल्ड येथे सुरू झालेल्या व पुढे शेफील्डमध्ये मार्कुस रॉयबर यांनी चालविलेल्या संशोधनातून दिसले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निदान माहीत नसलेल्या भाषाशास्त्रज्ञांनी केवळ मुलाखती अभ्यासून वीसपैकी सतरा रुग्णांचे निदान बरोबर ओळखले. अपस्माराचा रुग्ण झटक्याच्या अनुभवाविषयी आपण होऊन, अडखळत, वाक्ये पुन्हा पुन्हा दुरुस्त करीत बोलतो, आणि झटक्याला बाहेरून चाल करून येणारी शक्ती म्हणून वर्णितो. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण अनुभवापेक्षा प्रसंग व परिणाम सांगतो, आणि झटका ही त्याच्या बोलण्यात आपण जाऊन पडतो अशी एखादी जागा असते.

ही लक्षणे जर्मन व इंग्रजीवरून ठरली आहेत. ज्या भाषेत प्रत्येकच झटका व्याकरणतः 'येतो', तेथे तो चाल करून येणारा आहे की नाही हे क्रियापदावरून ठरणार नाही. विशेषणे, उपमा आणि अडखळण्याच्या जागा यांवरूनच ते शोधावे लागेल. शिवाय 'अंगात येते' या प्रयोगात काय येते ते सांगितलेलेच नसते. झटका येणाऱ्या सुनेविषयी घरचे लोक हे वाक्य वापरतात तेव्हा डॉक्टरऐवजी भगत गाठला जातो, आणि उपचाराची वर्षे वाया जातात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याचे हात वाक्यापर्यंत पोहोचत नाहीत.

कायद्याने स्वतः मात्र आपले एक वाक्य सुधारले आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली केलेल्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांशेजारी अपस्माराचे नाव घालून तो विवाहास बाधक ठरविला होता. १९९९ साली ते नाव काढले गेले. वधूवरांच्या घरी ही बातमी सावकाश पोहोचत आहे. विवाह ठरविताना आजार लपविला जातो, सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, चुकतात, आणि आटोक्यात असलेला अपस्मार दुर्दम्य भासू लागतो. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'संवेदना' या स्वमदतगटाने आजार उघड सांगून विवाह जुळविण्याचे काम हाती घेतले, त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. गोळी सर्वांसमक्ष घेता येणे हाही एक वर्तनोपचारच आहे.

नावड्याच्या त्या कामगाराला यातले काय मिळू शकते? शस्त्रक्रियेसाठी तपासणी मुंबईत होऊ शकते आणि ती आधी व्हावी. पाळी बदलून मिळाली तर झोपेचा प्रश्न बराच सुटेल. ते डॉक्टरच्या नव्हे, व्यवस्थापकाच्या हाती आहे. उरली नोंदवही. दोनशे पानी साध्या वहीत चार रकाने आखले की ती तयार होते : झटक्यापूर्वी काय चालले होते, पहिली खूण कोणती, त्या वेळी काय केले, नंतर घरच्यांनी काय केले. पहिल्या महिन्यात तिसरा रकाना बहुधा कोराच राहतो.